प्रतिपक्षी समोर उभा असताना

व्हर्जिनिया राज्याची राजधानी असलेल्या रिचमंड शहरी, तेथील विद्यापीठाच्या क्रीडागृहात, १५ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे तीन उमेदवार उंच स्टुलांवर बसले होते. आणि त्यांना प्रश्न विचारण्याचा जो अधिकार तोवरच्या सर्व अध्यक्षीय वादसभांत पत्रकारांकडे राहत आला होता, तो त्या रात्री प्रथमच, कोणाला मत द्यावयाचे याचा निश्चय न झालेल्या सुमारे दोनशे सामान्य नागरिकांच्या स्वाधीन करण्यात आला होता. विद्यमान अध्यक्ष जॉर्ज बुश, डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन आणि टेक्ससचे धनाढ्य अपक्ष रॉस पेरो हे ते तिघे. चारच दिवसांपूर्वी सेंट लुईस येथील सभेत बुश यांनी क्लिंटन यांच्या विद्यार्थिदशेवर, व्हिएतनाम युद्धाच्या काळी परक्या भूमीवर राहून स्वदेशाविरुद्ध निदर्शने केल्याच्या प्रकरणावर, बोट ठेवले होते. आणि बुश यांच्याच वडिलांनी सिनेटर असताना मॅकार्थी यांच्या आरोपसत्राविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य दाखविले होते याची आठवण देऊन क्लिंटन यांनी तो वार परतविला होता. रिचमंडच्या सभेस आरंभ होऊन फार वेळ लोटला नाही तोच एका श्रोत्याने, परस्परांच्या चारित्र्याची व कार्यक्रमांची लक्तरे काढण्यात उमेदवार जो वेळ खर्च करतात तो पाहून मन विषण्ण होते, असे रोखठोक सांगितले. चारित्र्य हाही अध्यक्षपदाचा एक भागच आहे, अशी बुश यांनी आपली कैफियत मांडली. क्लिंटन म्हणाले की, मला यांच्या चारित्र्यात स्वारस्य नाही, मला अध्यक्षपदाचे चारित्र्य बदलावयाचे आहे. थोड्या वेळाने दुसरे एक गृहस्थ उठले व त्यांनी तिघांकडूनही सरळ वचनच मागितले की, यापुढे व्यक्तींवर आणि चिखलावर न बोलता लोकांच्या गरजांवर बोलाल काय? पेरो यांनी तेथल्या तेथे होकार भरला, क्लिंटन यांनी मान्यता दिली, आणि बुश यांनी, ते तुम्ही कशाला काय म्हणता यावर अवलंबून आहे, अशा अर्थाचे सावध उत्तर दिले.

मतदाराची ही फिर्याद नवी नव्हे. ज्या ज्या जनमत चाचणीत हा प्रश्न विचारला जातो त्या त्या चाचणीत बहुसंख्य अमेरिकन नागरिक चिखलफेकीला नाके मुरडतात. आणि तिकडे निवडणुकीच्या प्रचाराचा मक्ता घेतलेले मुत्सद्दी, लोक तोंडाने काहीही म्हणोत, त्यांच्या ध्यानात राहतो तो चिखलच, असे सांगून तितक्याच शांतपणे आपल्या उमेदवाराच्या हाती नवे ढेकूळ देतात. या दोन पक्षांपैकी एकाला दांभिक आणि दुसऱ्याला निर्लज्ज ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु गेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या वादसभांची दप्तरे आणि त्यांवर विद्यापीठांतून झालेले संशोधन चाळू लागले म्हणजे असे दिसू लागते की, दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, आणि ते एकाच वेळी खरे असण्याचे कारण वादसभा या प्रकाराच्या रचनेतच दडलेले आहे. जाहिरातीतून केलेला आरोप आणि प्रतिपक्षी चार हातांवर उभा असताना त्याच्या तोंडावर केलेला आरोप या दोन सर्वस्वी भिन्न वस्तू होत.

जाहिरातीत आरोप करणारा दिसत नाही. एक गंभीर आवाज, मागे चिंताजनक संगीत, प्रतिपक्ष्याचे निवडून काढलेले काळेपांढरे छायाचित्र आणि अर्ध्या मिनिटात कारभार आटोपलेला. शिवाय अनेकदा ती जाहिरात उमेदवाराच्या नावावर नसून कुठल्याशा स्वतंत्र मंडळाच्या नावावर असते, म्हणजे तिचा दोष अंगावर येऊ लागला तर हात झटकण्याची सोय. १९८८ साली मायकेल डुकाकिस यांच्याविरुद्ध, तुरुंगातून सुट्टीवर सोडलेल्या व त्या अवधीत घोर अपराध केलेल्या एका कैद्याचा चेहरा दाखविणारी जी कुप्रसिद्ध जाहिरात झळकली ती अशाच एका मंडळाची होती. वादसभेत ही पळवाट नाही. तेथे दस्तुरखुद्द उमेदवाराला आपल्या मुखाने, आपल्या चेहऱ्याने आरोप करावा लागतो, ज्याच्यावर करावयाचा तो त्याच चौकटीत उभा असतो, आणि त्याचे उत्तर, निदान त्याची मुद्रा, मतदाराला तत्क्षणी दिसते. पाहणारा मग आरोपाचा निवाडा करण्यापूर्वी फिर्यादीचाच निवाडा करू लागतो: हे बोलण्याचा याला अधिकार काय, हा हे त्वेषाने बोलतो आहे की आकसाने, आणि समोरच्याने ते कसे घेतले? कागदपत्रांचा तपशील त्याच्यापाशी नसतो. माणसांचे चेहरे मात्र त्याने जन्मभर वाचलेले असतात, आणि म्हणून तो आपल्याला जे वाचता येते तेच वाचतो.

जुन्या काळी लोक अधिक सभ्य होते, असा एक समज या विषयावरील लिखाणात वारंवार भेटतो. त्याला १८५८ च्या लिंकन-डग्लस वादांची साक्ष काढावी. हे वाद अध्यक्षपदासाठी नव्हते, अमेरिकेच्या सिनेटमधील इलिनॉय राज्याच्या जागेसाठी होते, आणि पुढे दोन वर्षांनी तेच दोघे अध्यक्षपदासाठी परस्परांसमोर उभे ठाकले. सात गावी सात सभा, प्रत्येक तीन तासांची: पहिल्याने एक तास बोलावे, दुसऱ्याने दीड तास, आणि पुन्हा पहिल्याने अर्धा तास उत्तर द्यावे, असा करार. गुलामगिरीसारख्या राष्ट्राच्या जीवनमरणाच्या प्रश्नावरील या भाषणांना आज पाठ्यपुस्तकांत आदर्शाचे स्थान आहे. तथापि २१ ऑगस्ट रोजी ओटावा येथील पहिल्याच सभेत डग्लस यांनी, आपले हे मित्र एके काळी दारूचे भरभराटीचे दुकान चालवीत असत, असा टोला हाणून श्रोत्यांना हसविले होते. लिंकन यांचे उत्तर नमुनेदार आहे. तसे असते तरी ते काही मोठे पाप ठरले नसते, पण न्यायाधीशमहाराजांची (म्हणजे डग्लस यांची) माहिती चुकीची आहे, लिंकनने जगात कोठेही असे दुकान चालविलेले नाही. हां, एका हिवाळ्याच्या अखेरीस एका लहानशा भट्टीवर त्याने काम केले होते खरे! आरोप नाकारताना स्वतः होऊन थोडी कबुली जोडावयाची आणि रागाचा लवलेशही दिसू द्यावयाचा नाही, ही हिकमत त्या काळच्या उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्यांवर जशी चालली तशीच ती पुढे दूरचित्रवाणीवरही चालणार होती.

१९६० चे केनेडी-निक्सन वाद हे या इतिहासातील सर्वांत गाजलेले प्रकरण, आणि निक्सन यांच्या घामेजलेल्या, फिकट चेहऱ्याची कथा इतक्यांदा सांगून झाली आहे की ती पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. पूर्वीच्या निवडणुकांतून जहरी हल्ल्याबद्दल ख्याती मिळविलेल्या निक्सन यांनी २६ सप्टेंबरच्या त्या शिकागोतील पहिल्या सभेत आपल्या निवेदनाचा आरंभच, केनेडी यांनी जे सांगितले त्यातील पुष्कळशा गोष्टी आपल्यालाही मान्य आहेत, अशा अर्थाच्या वाक्याने केला. सुमारे सात कोटी प्रेक्षकांसमोर त्यांना आपली जुनी ख्याती पुसावयाची होती. परंतु वर्षानुवर्षे जो माणूस तलवार घेऊन हिंडला त्याने एके दिवशी ती म्यान केली म्हणजे लोक त्याला साधू समजत नाहीत, त्याच्या हातातील बळ ओसरले असे समजतात. सौम्यपणाचीही किंमत मोजावी लागते, हे विसरले जाते. त्यानंतर सोळा वर्षे, सर्व उमेदवारांना समान वेळ देण्याच्या कायद्याची अडचण आणि आघाडीवरील उमेदवारांची नाखुषी यांमुळे, वादसभा भरलीच नाही. १९७६ पासून ती पुन्हा सुरू झाली.

वादसभेत खरोखर किती चिखल उडतो? विल्यम बेन्वा नावाच्या संशोधकाने आयुष्याचा मोठा भाग या सभांतील विधाने एकेक करून मोजण्यात घालविला. उमेदवाराच्या तोंडून निघणाऱ्या विधानांचे त्याने तीन वर्ग पाडले: स्वतःची थोरवी, प्रतिपक्ष्यावर हल्ला आणि स्वतःचा बचाव. त्याच्या हिशेबात निम्म्याहून अधिक विधाने थोरवीची निघाली, सुमारे एक-तृतीयांश हल्ल्याची, आणि बचावाची अगदीच थोडी. म्हणजे जमाखर्च पाहिला तर वादसभा हा मुख्यतः आत्मस्तुतीचा कार्यक्रम आहे. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत वा उपाहारगृहात कोणी त्या आत्मस्तुतीविषयी बोलत नाही. अप्रिय गोष्ट प्रिय गोष्टीपेक्षा मनात खोलवर रुजते, हा मानसशास्त्राचा अनेक प्रयोगांनी दृढ झालेला सिद्धांत येथे लागू पडतो. आपल्याकडील नैयायिकांनी वादाचे तीन प्रकार मानले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडून काढावयाचा ती वितंडा. अमेरिकेतील अध्यक्षीय सभेत पहिला प्रकार क्वचितच आढळतो. मतदार जल्पाला आनंदाने सहन करतो, किंबहुना त्यासाठीच तो दिवाणखान्यात बसलेला असतो, आणि जेथे वितंडा सुरू झाली असे त्याला वाटते तेथे त्याच्या कपाळाला आठी पडते.

२८ ऑक्टोबर १९८० रोजी क्लीव्हलंड येथे जिमी कार्टर आणि रॉनल्ड रेगन यांची जी एकमेव सभा झाली ती या दृष्टीने सावकाश पाहण्याजोगी आहे. मतदानाला अवघा आठवडा उरला होता. कार्टर हे धर्मनिष्ठ, सज्जन गृहस्थ म्हणून निवडून आलेले अध्यक्ष. परंतु त्या शरद ऋतूत रेगन यांच्यावर त्यांनी जे वार केले त्यांतून आकसाचा वास येतो अशी ओरड वृत्तपत्रांनी चालविली होती, आणि भाषेचा अतिरेक झाल्याचे त्यांना स्वतःलाही एका मुलाखतीत कबूल करावे लागले होते. अशी पार्श्वभूमी असताना त्या रात्री कार्टर यांनी आरोप केला की, रेगन यांची राजकीय कारकीर्दच मुळी वृद्धांच्या सरकारी वैद्यकीय विम्याविरुद्ध, म्हणजे मेडिकेअरविरुद्ध, देशभर प्रचार करण्यापासून सुरू झाली. रेगन यांनी मान किंचित कलती केली, ओठांवर हसू आणले आणि, झाले, पुन्हा सुरू झाले तुमचे! एवढेच शब्द उच्चारले. सभागृहात हशा उसळला. मग त्यांनी खुलासा केला की, आपण त्या विधेयकाला विरोध केला तेव्हा त्याच प्रश्नावरचे दुसरे एक विधेयक काँग्रेसपुढे होते व ते आपल्याला अधिक पसंत होते.

आता वस्तुस्थिती काय होती? १९६१ साली अमेरिकन वैद्यकांच्या संघटनेने अशा सरकारी विम्याविरुद्ध एक मोहीम काढली होती. तिच्यासाठी रेगन यांच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका तयार करण्यात आली, डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना घरी कॉफीला बोलवावे, ती तबकडी ऐकवावी, आणि पाहुण्यांनी तेथल्या तेथे आपापल्या लोकप्रतिनिधींना विरोधाची पत्रे लिहावीत, अशी ती व्यवस्था. ती तबकडी आजही उपलब्ध आहे. म्हणजे कार्टर यांचा आरोप गाभ्यात खरा होता आणि रेगन यांच्या खुलाशानेही तो खोटा ठरत नव्हता. तरीही तो आरोप कार्टर यांच्याच अंगाशी आला. कारण ‘पुन्हा सुरू झाले’ या उद्गाराने रेगन यांनी आरोपाला हात न लावता आरोप करण्याच्या सवयीला हात घातला, आणि गेले दोन महिने वृत्तपत्रांतून जे वाचले होते त्याचाच दाखला मतदाराला समोर हजर दिसला. आरोपाची सत्यता तपासण्याचे साधन त्या रात्री कोणापाशीही नव्हते, हसऱ्या आणि ताठरलेल्या चेहऱ्यांतील फरक मात्र सर्वांना दिसत होता. रेगन यांनी पुढे पन्नासांपैकी चव्वेचाळीस राज्ये जिंकली. एका उद्गाराने हे घडले असे म्हणणे बालिशपणाचे होईल, कारण इराणमधील ओलिसांचे प्रकरण आणि महागाई हे मतदारापुढचे फार मोठे विषय होते. पण सत्य आरोपही कसा वाया जातो याचे याहून स्वच्छ उदाहरण या दप्तरात नाही.

रेगन यांचा हशा आणखी एकदा कामी आला. १९८४ च्या पहिल्या सभेत ते अडखळले होते व त्यांच्या त्र्याहत्तर वर्षांच्या वयाची चर्चा सुरू झाली होती. तेव्हा कॅन्सस सिटी येथील दुसऱ्या सभेत, प्रतिपक्ष्याच्या तारुण्याचा व अननुभवाचा राजकीय फायदा घेण्याची आपली इच्छा नाही, असे ते गंभीर मुद्रेने म्हणाले आणि छपन्न वर्षांचे वॉल्टर माँडेल यांनाही हसू आवरले नाही. ही चिखलफेकच होती, पण अशी की जिच्यावर ती झाली तोही हसला. या प्रसंगावर पुढे काही मानसशास्त्रज्ञांनी मोठा मार्मिक प्रयोग केला. त्या सभेच्या चित्रफितीच्या त्यांनी निरनिराळ्या प्रती करविल्या. एकीत सर्व काही जसेच्या तसे, दुसरीत रेगन यांचे टोमणे कायम परंतु श्रोत्यांचा हशा व टाळ्या कापून टाकलेल्या. ही दुसरी प्रत पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी रेगन यांना बरेच कमी गुण दिले. टोमणा तोच, मुद्रा तीच. पण भोवतालच्यांनी तो उचलून धरला आहे ही खूण गेली आणि त्याबरोबर त्याचे तेजही गेले. ब्रिटनमध्ये २०१० च्या वादसभेवर असाच एक प्रयोग झाला. कुंपणावरच्या मतदारांची पसंती पडद्याच्या तळाशी चढत्या-उतरत्या रेषेने दाखविण्याची जी नवी रीत आहे तिचा आधार घेऊन दीडशे प्रेक्षकांना बनावट रेषा दाखविण्यात आल्या, आणि कोण जिंकले याविषयीचे त्यांचे मत त्या बनावट रेषेच्या मागोमाग वळले. तेव्हा अमेरिकेतील वाहिन्यांवर आरोप सुरू होताच ती रेषा खाली घसरते असे दाखवून, पाहा, लोकांना चिखलफेक आवडत नाही, असा निष्कर्ष जेव्हा कोणी काढतो तेव्हा ही रेषा मत मोजते की घडविते, याचाही विचार केलेला बरा.

१९८८ च्या उपाध्यक्षपदाच्या सभेतील प्रसंग प्रसिद्ध आहे. तरुण सिनेटर डॅन क्वेल यांनी आपल्या अनुभवाची तुलना केनेडींच्या अनुभवाशी केली आणि वृद्ध लॉइड बेन्टसेन यांनी, मी केनेडींबरोबर काम केले आहे, ते माझे मित्र होते, आणि तुम्ही केनेडी नव्हेत, असे शांतपणे सुनावले. हे बोलण्याची गरज नव्हती, एवढेच क्वेल यांच्या तोंडून निघाले. त्या रात्रीच्या चाचण्यांत बेन्टसेन निर्विवाद सरस ठरले; त्यांचा अधिकार होता, त्यांना तो प्रसंग प्रतिपक्ष्यानेच आणून दिला होता, आणि आवाज चढला नव्हता. महिन्याभराने क्वेल उपाध्यक्ष म्हणून निवडून आले, चाळीस राज्ये जिंकून.

संशोधकांचे आपसांतील वादही काही कमी रंगतदार नाहीत. स्टीफन अँसोलाबेहेअर आणि शांतो अय्यंगार या दोघांनी १९९५ साली, प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील प्रयोगांच्या आधारे, असे प्रतिपादन केले की हल्ल्याच्या जाहिराती पाहून मतदार उबगतो व मतदानाचा त्याचा इरादाच सुमारे पाच टक्क्यांनी घटतो. हे विधान पुष्कळ गाजले. पुढे रिचर्ड लाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून त्यांची छाननी केली तेव्हा, २००७ साली, त्यांच्या हाती निराळेच फळ आले: हल्ला लक्षात राहतो खरा, पण तो मते मिळवून देतो याला भक्कम पुरावा नाही, तो ज्याच्यावर होतो त्याची पत थोडी उतरवितो व जो करतो त्याचीही उतरवितो, मतदान तो घटवीत नाही, मात्र शासनसंस्थेवरील विश्वास आणि आपल्या मताला काही किंमत आहे ही भावना यांना तो किंचित ओरखडा काढतो. जॉन गीर यांनी तर चिखलफेकीची बाजूच घेतली. १९६० पासूनच्या अध्यक्षीय जाहिराती तपासून ते म्हणतात की, आत्मस्तुती कोणीही पुराव्यावाचून करू शकतो, पण दुसऱ्यावर आरोप करावयाचा तर काही मुद्देमाल हजर करावा लागतो. म्हणून हल्ल्याच्या जाहिरातींत प्रत्यक्ष माहिती अधिक सापडते. प्रस्तुत लेखकाला गीर यांचे म्हणणे बरेचसे पटते. कारभारातील दोष प्रतिपक्ष्याने दाखवावयाचे नाहीत तर कोणी दाखवावयाचे? अडचण एवढीच की वादसभेत मुद्देमाल तपासावयास सवड नसते.

मतदार सरसकट सर्व आरोपांना एकाच तराजूत घालीत नाही, हे किम फ्रिडकिन आणि पॅट्रिक केनी यांनी दाखविले. आरोप प्रस्तुत आहे की अप्रस्तुत, आणि भाषा सभ्य आहे की असभ्य, असे दोन प्रश्न तो नकळत विचारतो. पदाच्या कारभाराशी संबंध असलेला आरोप तिखट भाषेत केला तरी तो मनावर ठसतो. कारभाराशी संबंध नसलेला, खाजगी आयुष्यातला आरोप असभ्य भाषेत केला म्हणजे किळस येते. शिवाय माणसागणिक सहनशक्ती भिन्न आहे. भांडण पाहून ज्याच्या पोटात गोळा येतो असा एक मतदार असतो, आणि भांडणाशिवाय ज्याला सभा अळणी वाटते असा दुसरा.

डायना मट्झ आणि बायरन रीव्ह्ज यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या भिन्नतेच्या मुळाशी जातो. त्यांनी दोन नट आणले, त्यांना दूरच्या एका मतदारसंघातील उमेदवार म्हणून उभे केले आणि त्यांच्याकडून एकच वाद दोनदा वठवून घेतला. मुद्दे, धोरणे, मतभेदाची खोली, सारे दोन्ही प्रतींत तंतोतंत सारखे. फरक इतकाच की एकीत ते एकमेकांना बोलू देत होते, आणि दुसरीत आवाज चढवीत होते, मध्येच तोडीत होते, डोळे फिरवीत होते, सुस्कारे टाकीत होते. प्रेक्षकांच्या बोटांना तारा जोडून त्वचेतून वाहणारी सूक्ष्म विद्युत मोजण्यात आली, कारण मन क्षुब्ध झाले की तळहाताला येणाऱ्या घामाने ती वाढते. असभ्य प्रत पाहताना ती वाढली. पाहणाऱ्यांना ही प्रत अधिक मनोरंजकही वाटली. आणि ती पाहून उठल्यावर राजकारणी मंडळी व काँग्रेस यांवरील त्यांचा विश्वास सभ्य प्रत पाहणाऱ्यांपेक्षा कमी भरला. मट्झ यांच्या पुढील प्रयोगांत असेही आढळले की चेहरा पडदाभर जवळ आणून दाखविला म्हणजे, न आवडणाऱ्या उमेदवाराविषयीची घृणा अधिकच तीव्र होते. इतक्या जवळ, नाकासमोर येऊन भांडणारा माणूस प्रत्यक्ष आयुष्यात आपल्याला क्वचित भेटतो, आणि भेटलाच तर आपण मागे सरतो. दूरचित्रवाणीपुढे मागे सरण्याची सोय नाही.

हल्ल्याला शब्दच लागतात असेही नाही. ३ ऑक्टोबर २००० रोजी बॉस्टन येथे अल गोर यांनी धाकट्या बुश यांची उत्तरे ऐकताना मोठमोठे सुस्कारे टाकले. त्या रात्रीच्या चाचण्यांत गोर मागे नव्हते. पण पुढील काही दिवसांत ते सुस्कारे तेवढे काढून वाहिन्यांनी एकापाठोपाठ एक लावले, विनोदी कार्यक्रमांनी त्यांची नक्कल केली, आणि सभेचा निकाल मागाहून फिरला. १९७६ साली जेराल्ड फोर्ड यांच्या बाबतीत हेच घडले होते: पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, हे त्यांचे विधान ऐकून त्या रात्री प्रेक्षक विशेष बिचकले नव्हते, दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे वाचून बिचकले.

येथवर वर्णिलेला मतदार कुंपणावरचा आहे, आणि कुंपण आता फार आखूड झाले आहे. पक्षनिष्ठ मतदाराचा न्याय निराळा: माझ्या माणसाने केला तो पर्दाफाश, तुमच्याने केली ती चिखलफेक. २९ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा क्लीव्हलंड येथेच डोनाल्ड ट्रम्प यांनी जो बायडन यांना आणि सूत्रसंचालक ख्रिस वॉलेस यांनाही सतत तोडले, बायडन यांनी त्यांना गप्प बसा म्हटले, विदूषक म्हटले, आणि नव्वद मिनिटांचा सर्व शिमगा सात कोटींहून अधिक लोकांनी घरी पाहिला. सीबीएस वाहिनीच्या चाचणीत दर दहांपैकी सुमारे सात प्रेक्षकांनी आपल्याला चीड आल्याचे सांगितले. काही माहिती मिळाली असे म्हणणारे पाचांत एकही भरले नाहीत. परंतु या चिडीचे मतांत रूपांतर फारसे झाले नाही, कारण चिडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपला उमेदवार आधीच निश्चित केला होता आणि चीड त्याच्या प्रतिपक्ष्यावर होती. कॅरोलीन ल पेनेक आणि व्हँसाँ पाँस यांनी दहा देशांतील बासष्ट निवडणुका व छप्पन्न वादसभा यांचा हिशेब मांडून दाखविले आहे की, सभेपूर्वीची आणि सभेनंतरची मते ताडून पाहिली तर वादसभेचा असा वेगळा ठसा आढळत नाही.

क्लीव्हलंडच्या त्या गोंधळानंतर वादसभा भरविणाऱ्या आयोगाने पुढील सभेत, एकाचे आरंभीचे उत्तर चालू असताना दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा हुकूम काढला, आणि २०२४ मध्ये वाहिन्यांनी तो नियम सबंध सभेला लागू करून सभागृहातून श्रोतेही काढून टाकले. म्हणजे तोडण्याची सोय गेली आणि रेगन यांना तारणारा हशाही गेला. १० सप्टेंबर रोजी फिलाडेल्फिया येथे कमला हॅरिस यांनी, ट्रम्प यांच्या सभांतून लोक कंटाळून लवकर उठून जातात, असा साधाच टोमणा मारला; ट्रम्प यांनी गर्दीच्या आकड्यांवर उत्तर देण्यात आपला वेळ घालविला आणि थोड्याच वेळात ते ओहायोतील एका गावी स्थलांतरित लोक पाळीव कुत्री-मांजरे खातात, या निराधार कथेवर येऊन पोहोचले. हॅरिस यांचा ध्वनिक्षेपक बंद होता, पण पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्यांचे विस्फारलेले डोळे आणि हनुवटीला टेकविलेला हात दिसत होता. सीएनएनच्या त्याच रात्रीच्या चाचणीत सभा पाहणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांनी हॅरिस यांना आणि ३७ टक्क्यांनी ट्रम्प यांना सरस ठरविले. त्याच चाचणीत, या सभेने आपल्या मतावर काहीच परिणाम झाला नाही असे सांगणारे पाचांत चार होते. आणि ५ नोव्हेंबरला ३१२ निर्वाचक मते घेऊन ट्रम्प निवडून आले.